१७ जानेवारीचा भूकंप १६ तारखेच्या रकान्यात

जपानमधील कोबे शहरात दरवर्षी १७ जानेवारीला पहाटेच्या अंधारात हिगाशी युएन्ची नावाच्या बागेत लोक जमतात. दिव्यांच्या ओळी मांडून जमिनीवर १.१७ हा आकडा उजळला जातो आणि ५ वाजून ४६ मिनिटे झाली की सारा जमाव मान खाली घालून स्तब्ध उभा राहतो. १९९५ साली त्याच दिवशी, त्याच मिनिटाला आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ जमीन हादरली आणि ६,४३४ माणसे गेली. जपानमध्ये १७ जानेवारी म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही.

आता अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची जगभरच्या भूकंपांची यादी उघडा. ती कोणालाही फुकट मिळते. तिच्यात १७ जानेवारी १९९५ या तारखेखाली कोबेचा हा भूकंप सापडत नाही. तो तिथे १६ जानेवारी १९९५, रात्री २० वाजून ४६ मिनिटे, असा नोंदलेला आहे. यादीत चूक काहीच नाही. ती सारी नोंद जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे ज्याला यूटीसी म्हणतात त्या वेळेत, ठेवली जाते आणि जपानचे घड्याळ त्या वेळेच्या नऊ तास पुढे आहे. कोबेत मंगळवारची पहाट होत होती तेव्हा यूटीसीच्या घड्याळात सोमवारची रात्र संपलेली नव्हती.

वाचकहो, हा नुसता गमतीचा फरक असता तर या पानावर त्यासाठी जागा अडवली नसती. पण आपल्या बेटावरची आपली कितीतरी मुले हल्ली महाविद्यालयात आकडेशास्त्र शिकतात आणि ते शिकताना वहीऐवजी संगणक उघडतात. आर आणि पायथन या दोन भाषांची नावे घराघरांत ऐकू येतात. या भाषांत सर्वांत आधी जे काम करावे लागते ते म्हणजे नोंदींची चाळणी. लाखभर ओळींचा तक्ता असतो, प्रत्येक ओळीत एका घटनेची तारीख आणि वेळ असते, आणि आपण संगणकाला सांगतो की अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंतच्या ओळी ठेव, बाकीच्या बाजूला कर. एका ओळीची आज्ञा. संगणक क्षणात ते करतो आणि उरलेला तक्ता समोर ठेवतो. काय गळून पडले ते मात्र तो सांगत नाही. विचारले तरच सांगतो.

माझ्याकडे पूर्वी शिकलेली एक मुलगी मध्यंतरी असाच एक तक्ता घेऊन आली होती. जपानमधल्या मोठ्या भूकंपांवर तिला निबंध लिहायचा होता. अमेरिकन यादी तिने उतरवून घेतली होती, वेळेच्या रकान्यातली पहिली दहा अक्षरे कापून त्यांची तारीख केली होती आणि १७ जानेवारी १९९५ मागितली होती. कोबेच्या ओळी आल्या, बऱ्याच आल्या. पण त्या सगळ्या नंतरच्या धक्क्यांच्या होत्या. मुख्य धक्काच नव्हता. "सर, एवढी माणसे गेली आणि यादीत साधे सहाचे परिमाणसुद्धा कसे नाही?" असे तिने विचारले. तिने ते विचारले हे महत्त्वाचे. तक्ता रिकामा आला असता तर कोणीही थबकले असते. भरलेला तक्ता आला की शंका येत नाही.

त्या यादीत प्रत्येक वेळेच्या शेवटी रोमन लिपीतले झेड हे अक्षर असते. ते म्हणजे 'ही वेळ यूटीसीतील आहे' अशी खूण. पहिली दहा अक्षरे कापताना ते अक्षर कात्रीखाली जाते आणि उरते ती तारीख कोणाच्या घड्याळाची हे सांगणारे काही राहत नाही. जपानच्या हवामान खात्याची स्वतःची भूकंपयादी जपानी वेळेत असते. तिच्यात हाच भूकंप १७ तारखेला, ५ वाजून ४६ मिनिटे ५२ सेकंदांनी आहे. दोन्ही याद्या खऱ्या. दोन्ही एकत्र जोडून तारखेवरून जुळणी करू गेलात तर एकाच भूकंपाचे दोन भूकंप होतात. शिवाय जपानी यादी त्याचे परिमाण ७.३ सांगते आणि अमेरिकन ६.९, कारण मोजण्याची रीतच वेगळी. तेव्हा ते दोन वेगळे भूकंप आहेत असा समज आणखी पक्का होतो.

जपानची ती नऊ तास पुढची वेळ ठरते १३५ अंश पूर्व रेखांशावरून. १ जानेवारी १८८८ पासून ती लागू आहे. हा रेखांश आकाशी नावाच्या शहरावरून जातो. नाव वाचून आपल्याला आकाश आठवेल, पण त्या शब्दाशी याचा काही संबंध नाही. तिथे नेमक्या रेखांशावर नगरपालिकेचे तारांगण उभे आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर मोठे घड्याळ असते. कोबेचा भूकंप झाला तो या शहराच्या अगदी शेजारी. साऱ्या जपानची वेळ जिथून मोजली जाते तिथले ते घड्याळ त्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांवर थांबले.

आता याच कोड्याची दुसरी बाजू. समजा तुम्ही तारखेची अक्षरे कापली नाहीत, वेळ ही वेळ म्हणूनच ठेवली आणि आज्ञा दिली की १७ जानेवारीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळी हव्यात. पण सुरुवात म्हणजे कुठली मध्यरात्र हे सांगितले नाही. आर भाषेत असे न सांगता मध्यरात्र तयार केली तर ती ज्या संगणकावर काम चालले आहे त्याच्या घड्याळाची धरली जाते. कोबे हादरले तेव्हा आपल्या मॉरिशसमध्ये १७ तारखेची रात्र सुरू होऊन ४६ मिनिटे झाली होती; भारतात रात्रीचे २ वाजून १६ मिनिटे झाले होते. म्हणजे इथे बसून ती आज्ञा दिली तर मुख्य धक्का चाळणीत राहतो. मुंबईच्या संगणकावरही राहतो. लंडनला शिकायला गेलेल्या मुलाने तीच आज्ञा, तोच तक्ता, अक्षराचाही फरक न करता वापरला तर त्याचा धक्का गळतो. उत्तर बदलले ते माणूस कुठे बसला आहे त्यावरून. इथल्या मुलाचे बरोबर आले ते केवळ नशिबाने.

नशीब दर वेळी साथ देत नाही, हे क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांताच्या भूकंपात दिसते. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री ९ वाजून २६ मिनिटांनी तिथे ६.५ परिमाणाचा धक्का बसला. माशिकी या गावात त्याची तीव्रता ७ भरली. जपानच्या स्वतःच्या तीव्रतेच्या पट्टीवर याहून वरची पायरी नाही. लोक रात्रभर मैदानात, मोटारींत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर काही जण घर आवरायला परतले, काही जण रात्री घरातच झोपले. हवामान खात्याने हाच मुख्य धक्का मानला होता आणि आता येतील ते नंतरचे लहान धक्के, असाच सर्वांचा समज होता. मग १६ एप्रिलला उत्तररात्री १ वाजून २५ मिनिटांनी ७.३ परिमाणाचा धक्का आला. पहिल्याला २८ तास होत आले होते. माशिकीत पुन्हा तीव्रता ७. घरी परतलेल्यांपैकी काही जण त्यात दगावले. दोन्ही धक्क्यांत घरे पडून व दरडी कोसळून थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या ५० झाली. त्यानंतर पहिल्याला पूर्वधक्का आणि दुसऱ्याला मुख्य धक्का म्हणण्यात येऊ लागले. आणि मोठ्या भूकंपानंतर सूचना देताना 'नंतरचे धक्के' हा शब्द टाळावा, कारण तो ऐकून लोकांना मोठे संकट टळले असे वाटते, हा धडाही जपानने तेव्हाच घेतला.

आता चाळणी लावा. यूटीसीत हे दोन धक्के पडतात १४ एप्रिल १२ वाजून २६ मिनिटे आणि १५ एप्रिल १६ वाजून २५ मिनिटे. आपल्या बेटाच्या घड्याळात दुसरा धक्का १५ एप्रिलच्या रात्री ८ वाजून २५ मिनिटांनी येतो. कोबेच्या वेळी ज्या मुलाला नशिबाने साथ दिली, त्यानेच तीच पद्धत वापरून १६ एप्रिल २०१६ मागितली तर मुख्य धक्का त्याच्या हातून जातो. आणि रोज किती धक्के बसले याचा दिवसवार आलेख काढला तर सर्वांत मोठा दिवस १५ तारखेला दिसतो. जपानी माणसाच्या आठवणीत १५ तारीख म्हणजे दोन भयंकर रात्रींच्या मधला तो शांत दिवस, ज्या दिवशी लोक घरी परतले. आलेखात तोच दिवस सर्वांत भयंकर ठरतो. लोक किती वाजता घराबाहेर होते, छावण्या कधी भरल्या, रुग्णवाहिका कधी निघाल्या, असली माहिती जपानी वेळेत असते. तिच्याशेजारी भूकंपाची यूटीसीतली तारीख ठेवली तर लोक भूकंप झाल्यावर घरी परतले असा उलटा निष्कर्ष निघेल.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळा करायचा नाही. वेळ वाचतानाच ती यूटीसीतली आहे असे संगणकाला सांगायचे. मग ती एशिया/टोकियो या नावाच्या वेळेत बदलून घ्यायची. तारीख काढायची ती त्यानंतर. क्रम उलटा झाला की सगळे बिघडले. आरच्या जुन्या आवृत्त्यांत तर वेळेवरून नुसती तारीख काढताना कुठल्या ठिकाणची ते न सांगितल्यास, तक्त्यात जपानी वेळ छापलेली दिसत असूनही, तारीख यूटीसीचीच मिळत असे. डोळ्यांना १७ दिसते आणि हातात १६ येते.

जगातल्या ठिकाणांची ही नावे ज्या यादीत असतात तिच्यात आपले बेटही आहे. तिथे आपले नाव इंडियन/मॉरिशस असे लिहितात. मुलांना ते वाचून फार आनंद होतो. पण तो 'इंडियन' म्हणजे हिंदी महासागर, आपले पूर्वज नव्हेत!

कुठल्या घड्याळाची तारीख हा एक सापळा झाला. दुसरा सापळा मुदतीच्या शेवटच्या टोकाला असतो आणि माझ्या मते तो जास्त वाईट, कारण घड्याळ अगदी बरोबर असूनही त्यात माणूस सापडतो. मराठीत आपण '९ ते ११ तारीख' म्हणतो तेव्हा ११ तारीख पुरी धरतो. लग्नाचे पाहुणे ९ ते ११ राहणार म्हटले की ११ च्या जेवणाची सोय आपण करतोच. संगणकाला '११ मार्चपर्यंत' सांगितले आणि रकान्यात तास-मिनिटे असतील, तर तो ११ मार्च म्हणजे ११ मार्चची पहिली मध्यरात्र समजतो. तिच्यापुढचा सारा दिवस बाहेर.

९ मार्च २०११ रोजी सकाळी ११ वाजून ४५ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर ७.३ परिमाणाचा भूकंप झाला. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० परिमाणाचा झाला, ज्याच्यामागून त्सुनामी आली आणि फुकुशिमाची अणुभट्टी संकटात पडली. आता '९ ते ११ मार्च २०११ मधील सर्वांत मोठा भूकंप' असा प्रश्न वर सांगितलेल्या भाबड्या आज्ञेने विचारा. उत्तर येते ७.३. तक्त्यात ओळी असतात, आकडा पटण्याजोगा असतो, कुठेही लाल अक्षरांत चूक दाखवली जात नाही. जपानच्या मोजमापाच्या इतिहासातला सर्वांत मोठा भूकंप मात्र तिथे नसतो.

काही जण यावर ११ तारखेच्या शेवटी २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद असे लिहून मोकळे होतात. भूकंपाच्या याद्यांत सेकंदाचेही शतांश असतात. शेवटच्या सेकंदात पडलेली नोंद तरीही गळेल. शिवाय अधूनमधून घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला आहे. शेवटचा असा सेकंद जपानमध्ये १ जानेवारी २०१७ ला सकाळी नऊ वाजण्याच्या अगदी आधी आला, कारण तो यूटीसीच्या मध्यरात्री घालतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजत होते. म्हणून चांगली रीत अशी की सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा: ९ मार्चची मध्यरात्र किंवा तिच्यानंतर, आणि १२ मार्चच्या मध्यरात्रीच्या आधी. याचा आणखी एक फायदा आहे. महिन्यामागून महिना असे तुकडे पाडले तर एकही नोंद दोन तुकड्यांत येत नाही आणि एकही मधल्या फटीत पडत नाही. 'दोहोंच्या दरम्यान' असा अर्थ असलेली तयार आज्ञा आरमध्येही मिळते आणि पायथनच्या पांडाज या संचातही. ती दोन्ही टोके धरते, त्यामुळे मध्यरात्रीची नोंद दोनदा मोजली जाऊ शकते. पांडाजची तर आणखी एक तऱ्हा आहे. तारखांचा रकाना अनुक्रमणिका करून '९ मार्च ते ११ मार्च' असा तुकडा मागितला तर ते ११ तारीख पुरी देते. पण 'मोठे' आणि 'लहान' ही चिन्हे लावून तीच मागणी केली तर ११ ची मध्यरात्र धरते. एकाच संचात दोन कायदे. शिकवणाऱ्याने हे दोन्ही एकाच तासात फळ्यावर शेजारी लिहून दाखवावे.

घड्याळच मध्ये बदलले असेल तर काय होते, याचेही उदाहरण जपानमध्ये आहे. युद्धानंतर अमेरिकन अंमल असताना १९४८ ते १९५१ अशी चार वर्षे तिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेत. लोकांना ते रुचले नाही आणि पुढे ती रीत बंद झाली. पण नेमक्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात, २८ जून १९४८ रोजी, फुकुई शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. ३,७६९ माणसे गेली. तीव्रतेच्या पट्टीवर ७ ही पायरी जपानने यानंतरच वाढवली आणि ती लावण्याची पहिली वेळ आली थेट कोबेला. भूकंपाच्या तक्त्यांत फुकुईची वेळ १६ वाजून १३ मिनिटे अशी मिळते, ती नेहमीच्या जपानी वेळेने. त्या दिवशी गावकऱ्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात १७ वाजून १३ मिनिटे झाले होते. संगणकाला एशिया/टोकियो हे नाव दिले की त्याला १९४८ चा तो जादा तास ठाऊक असतो. म्हणून तक्त्यातली १६:१३ ही वेळ तो उन्हाळी घड्याळाची समजतो आणि यूटीसीत नेताना एक तास चुकवतो. इथे नावाऐवजी 'नऊ तास पुढे' एवढेच सांगणे बरोबर ठरते. एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी अपाय होतो तो असा.

हे आपल्याला परके वाटू नये. २००८ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत आपल्या बेटावरही घड्याळे तासभर पुढे होती, आणि शाळेला जाणारी मुले अंधारात उठत म्हणून घरोघर कुरकुर चालली होती. तो प्रयोग पुन्हा झाला नाही. पण त्या काळातल्या विजेच्या, रहदारीच्या किंवा पावसाच्या तासवार नोंदी कोणी आज चाळू लागला तर त्याला २६ ऑक्टोबर २००८ चा एक तास मुळी सापडणार नाही आणि २९ मार्च २००९ चा एक तास दोनदा भेटेल.

मध्यरात्रीला दिवस बदलतो हे तरी कोणी ठरवले? जपानच्या हवामान खात्याच्या तासवार तक्त्यात तास १ पासून सुरू होऊन २४ वर संपतात. तिथला '२४ वाजता' म्हणजे आपला दुसऱ्या दिवशीचा शून्य. तिथल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर '२५ वाजता' असेही लिहितात. म्हणजे रात्रीचा एक, पण दिवस अजून आजचाच. माणसाच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचे आहे. अजून झोपलो नाही तर उद्या कसा लागला? संगणकाला मात्र २५ वाजता ही वेळ कळत नाही. तो ती जागा रिकामी ठेवतो आणि रिकामी जागा पुढच्या चाळणीत निमूटपणे गळते.

आपल्या आजी-आजोबांना २५ वाजता समजायला वेळ लागला नसता. आपला दिवस सूर्योदयाला लागतो. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतर संपणाऱ्या तिथीची वेळ २४ च्या पुढे मोजून छापतात. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवससुद्धा मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयाचा सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. मोजणीच्या दिवसाप्रमाणे लावलेल्या तक्त्यात तो २७ तारखेसमोर येतो आणि मुंबईकर मात्र २६ जुलैच म्हणतो.

शिवरायांच्या राज्याभिषेकाची गोष्ट तर याहून सुरेख आहे. आपण ६ जून १६७४ म्हणतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीही म्हणतो. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद असून रात्र तीन घटका उरली असता राजे सिंहासनावर बसले असे सांगितले आहे. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटे. उजाडायच्या आधीची ही वेळ. सूर्योदयाला दिवस बदलणाऱ्या आपल्या गणनेने वार अजून शुक्रवारच. मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या इंग्रजी गणनेने शनिवार, ६ तारीख लागलेली. शुक्रवारच्या सूर्योदयाची तिथी द्वादशी, पण ती दिवसाच संपून त्या क्षणी त्रयोदशी चालू. तिघांच्या तीन नोंदी आणि क्षण एकच. त्यात ६ जून ही जुन्या जुलियन गणनेतली तारीख आहे; आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तो १६ जून होतो, आणि संगणक मागच्या साऱ्या शतकांना ग्रेगोरियनच लावतो. सतराव्या शतकातल्या मराठी, इंग्रज आणि पोर्तुगीज पत्रांचा एकत्र तक्ता करून एखाद्या आठवड्याची चाळणी लावणाऱ्याने हे दहा दिवस आधी हिशेबात घ्यावेत. पोर्तुगीज त्या काळी नवी गणना वापरत, इंग्रज जुनी.

जपानकडे परत वळू, कारण तारखांची चाळणी कशी लावावी याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण तिथलेच आहे, आणि त्यात संगणकापेक्षा जुन्या कागदांचे काम अधिक आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांत, खाडीच्या चिखलात उभ्याच्या उभ्या मेलेल्या झाडांची खोडे आहेत. ब्रायन अ‍ॅटवॉटर या भूवैज्ञानिकाने दाखवले की जमीन एका भूकंपात अचानक खचली, समुद्राचे पाणी शिरले आणि झाडे बुडून मेली. किरणोत्सारी कार्बनवरून काळ निघाला साधारण १६८० ते १७२०. तिथल्या मूळ रहिवाशांच्या तोंडी कथांत भूकंप आणि लाटा होत्या, पण सालाची लेखी नोंद नव्हती.

केंजी साताके आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ती चाळीस वर्षांची मुदत घेतली आणि जपानच्या जुन्या दप्तरांना लावली. अट दुहेरी होती: या मुदतीत किनाऱ्यावर त्सुनामी आली असावी, आणि तिच्याआधी जपानमध्ये कुठेही भूकंप जाणवलेला नसावा. गावपाटलांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि सरदारांच्या कचेऱ्यांतल्या नोंदींत एकच घटना उरली. कुवागासाकी, मिहो, तानाबे अशा एकमेकांपासून दूर असलेल्या गावांनी ती लिहून ठेवली होती. गेन्रोकू कालखंडाचे १२ वे वर्ष, १२ वा महिना, ८ वा दिवस, रात्रीची वेळ.

इथे घाईचा माणूस फसला असता. गेन्रोकूचे १२ वे वर्ष म्हणजे १६९९, असे कोष्टकात मिळते. पण जुने जपानी वर्ष आपल्या पंचांगासारखे चंद्रावर चाले. त्याचा १२ वा महिना इंग्रजी जानेवारीत पोचला होता. महिना-दिवसासह मोजले की ती रात्र येते २७ जानेवारी १७०० ची. (जपानने हे पंचांग सोडले ते १८७३ साली, त्यासाठी मेइजी ५ च्या १२ व्या महिन्याच्या २ तारखेनंतर थेट १ जानेवारी आली. त्या वर्षअखेरीचे दिवस जपानी तक्त्यात शोधू नयेत, ते उगवलेच नाहीत.)

लाटेला महासागर ओलांडायला सुमारे दहा तास लागतात. ते वजा करून, आणि वाटेत तारीख बदलणारी रेषा ओलांडली जाते ते लक्षात घेऊन, १९९६ साली साताके यांनी अमेरिकेतल्या त्या भूकंपाची वेळ सांगितली: तिथल्या घड्याळाने २६ जानेवारी १७००, रात्री सुमारे ९ वाजता. परिमाण ९ च्या आसपास. पुढच्याच वर्षी मेलेल्या देवदारांच्या मुळांची वलये मोजून झाली. शेवटचे वलय १६९९ च्या उन्हाळ्यातले होते. १७०० चे वलय धरायलाच लागले नव्हते. ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या दरम्यान कधीतरी ती झाडे मेली होती.